गायकाचा अर्धा वाटा आणि उरलेले चौघे

आम्ही वाजवणारे-गाणारे कट्ट्यावर जमलो आणि विषय अर्थातच तोच निघाला, परवा फुटलेल्या त्या बँडचा. त्यांच्या भांडणाचे स्क्रीनशॉट एव्हाना सगळ्यांनी वाचलेत, त्यामुळे कोण कोणाला काय म्हणालं ते परत लिहीत नाही. बँड फुटला, गायक दर कार्यक्रमाचे अर्धे पैसे आधीच बाजूला काढत होता, आणि बाकीच्या चौघांना ते बाहेरून कळलं. एवढं पुरे.

"मला तर त्यात काही चूक दिसत नाही," निनादने तोंड उघडलं. निनाद गातो. गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली आणि दर वाक्याआधी एकदा घसा खाकरणं. "लोक कोणाला बघायला येतात? पोस्टरवर फोटो कोणाचा? उद्या कीबोर्डवाला बदलला तर कोणाला कळणार आहे?"

"तू बदललास तर मात्र लगेच कळेल," शर्वरी म्हणाली. कीबोर्ड तीच वाजवते. "कार्यक्रम वेळेवर सुरू होईल."

मध्या इतका हसला की कट्ट्यावरून पडता पडता राहिला. मग एकदम तापला. मध्या ड्रमर आहे, त्याचा राग जुना आहे. "दुपारी ड्रम गाडीत चढवा, उतरवा, जोडा. मग साउंडवाले बापू म्हणणार, किक दे, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. देतो. अजून दे. देतो. आता स्नेअर, आता टॉम. एकेक माइक लागेपर्यंत मी एकटाच ठोकत बसलेला. हा येतो संध्याकाळी, माइकमध्ये दोनदा 'हॅलो चेक' म्हणतो आणि केस विंचरायला आत जातो. कार्यक्रम संपला की ह्याच्याबरोबर फोटो काढायला रांग, आणि आम्ही केबल गुंडाळतोय."

"मला गळा जपावा लागतो."

"केबल काय गळ्याने गुंडाळतात?" शर्वरी.

मला ह्यात मनापासून चीड येते ती हीच. वादकाचं निम्मं काम लोक येण्याआधी होतं आणि उरलेलं लोक गेल्यावर. पैसे मात्र मधल्या दोन तासांकडे बघून ठरतात, आणि त्या दोन तासांत उजेड गायकावर असतो. त्यातही काय काय चालतं ते जवळून बघावं. ऐनवेळी निरोप येतो, "आज आवाज बसलाय, काळी तीनचं पांढरी चार करू," म्हणजे सगळं गाणं अर्धा सूर खाली. कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण आहे. गिटारवाल्याचा कॅपो, तारांवर लावायचा चिमटा, पट्टी वर नेतो, खाली आणत नाही. बेसवाला आणि सॅक्सोफोनवाला विंगेत उभ्या उभ्या सगळं डोक्यात सरकवतात. चुकले तर वादक कच्चे. जमलं तर निनादचा आवाज आज काय लागला होता!

"तुमची तार तुटली तर नवी घालता," निनाद म्हणाला. "माझी तुटली तर?"

हा मुद्दा खरा आहे. गायकाला सर्दी झाली की कार्यक्रम जातो, आणि गळा कोणी उसना देत नाही. पण निनादला खऱ्या मुद्द्यावर थांबता येत नाही. लगेच लताबाईंपर्यंत गेला. त्यांनी साठच्या दशकात रॉयल्टीसाठी रफीसाहेबांशीही वाद पत्करला, वगैरे.

"बरोबर केलं त्यांनी," शर्वरी म्हणाली. "आता त्या गाण्यांतल्या दहा व्हायोलिनवाल्यांची नावं सांग."

निनादने पाणी प्यायलं.

मग 'द स्मिथ्स' हा ऐंशीच्या दशकातला इंग्लिश बँड निघाला. गायक मॉरिसी आणि गिटारवाला मार ह्यांना ४०-४० टक्के, बेसवाल्याला आणि ड्रमरला दहा-दहा. निनादला हे प्रमाण फार आवडतं. "बघ, एवढा मोठा बँड!"

"पुढचं पण सांग ना," मध्या म्हणाला. "ड्रमर माइक जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये जिंकला. चौथा हिस्सा! १८९० सालचा भागीदारी कायदा आहे तिकडे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफ्यात सगळे समान. बेसवाल्याने आधीच तडजोड केली होती, त्याला थोडक्यावर गप्प बसावं लागलं."

शर्वरीचं स्वतःचं दुखणं वेगळं, 'प्रोकोल हॅरम' ह्या इंग्लिश बँडचं. १९६७ चं त्यांचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गाणं सुरुवातीच्या ऑर्गनवरूनच ओळखू येतं, पण श्रेय गायक आणि गीतकाराचं. ऑर्गनवाला मॅथ्यू फिशर २००५ मध्ये कोर्टात गेला. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिकडच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, संगीतातला त्याचा ४० टक्के वाटा मान्य केला, तोही दावा लावल्यापासूनचा. आधीची अडतीस वर्षं गेली ती गेलीच.

"अडतीस वर्षं गप्प का बसला मग?" निनाद.

"तुझ्यासारखा कोणी तरी 'बघू नंतर' म्हणाला असेल."

"आणि अंतरा विसरला होतास तेव्हा?" मध्याला अचानक आठवलं. "मी रोल देत बसलो, हिने त्याच चार मात्रा फिरवल्या, तुला शब्द सापडेपर्यंत. टाळ्या कोणाला? ह्याला! लोकांना वाटलं नवी जागा घेतली!"

"ती जागाच होती," निनाद म्हणाला, आणि नंतर काही वेळ कोणालाच बोलता येईना.

हसणं ओसरल्यावर शर्वरीने जे सांगितलं, ते मला शंभर टक्के पटतं. आधी गाडी, साउंड, भाड्याची वाद्यं असा खर्च काढायचा. उरलेल्याचे समान वाटे. काम आणणारा, गाडी चालवणारा, नोटेशन लिहून देणारा, ह्यांना वर जादा हिस्सा. गायकाने काम आणलं तर त्यालाही. अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनच्या करारांत जड वाद्य वाहून आणल्याचे वेगळे पैसे असतात, एकाहून जास्त वाद्यं वाजवली तर त्याचेही. आणि हे सगळं पहिल्या कार्यक्रमाआधी लिहून काढायचं. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारा बहुतेक वेळा मोठा वाटा घेणारा असतो, हे मी फार जवळून पाहिलंय. 'आर.ई.एम.' ह्या अमेरिकन बँडच्या गाण्यांवर चौघांची नावं सारखी असायची. बँड १९८० ते २०११ टिकला.

निनादही जरा नरमला होता. "ठीक आहे. समान. लिहा."

शर्वरीने फोनवर वाटे मांडले, खाली मध्याने नाव घातलं, निनादने घातलं. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले बापू म्हणाले, "किक ऐकणारा कुठे आहे रे ह्यात?"

सगळे फोनकडे बघायला लागले. बापू खरंच कुठे नव्हते. ना वाट्यात, ना खर्चात.

"साउंड म्हणजे तुम्हीच धरलंय, बापू," शर्वरी पहिल्यांदाच अडखळली.

"साउंड म्हणजे स्पीकर, बाळा. मी माणूस."

"बापूंना द्यायलाच पाहिजे," निनाद उत्साहाने म्हणाला. "मध्याच्यातून."

मध्याने त्याचा मफलर ओढला.