दहा मिनिटं पडून राहा, मेंदू सगळं सांगेल?

सध्या एक मजकूर जोरात पुढे ढकलला जातोय. थोडक्यात असा: ‘एमआरआय यंत्रात दहा मिनिटं काहीही न करता पडून राहा. मोकळ्या मेंदूत चाललेले विचार यंत्र वाचतं. नैराश्य असो, ऑटिझम असो, सगळं रंगीत चित्रात दिसतं, तेही ९० टक्क्यांहून जास्त अचूक. मग मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रश्नोत्तरांची गरजच काय?’ सोबत निळ्या-केशरी रंगात उजळलेला मेंदू.

यातलं तंत्र खरं आहे. त्याला रेस्टिंग स्टेट एफएमआरआय म्हणतात, म्हणजे माणूस नुसता पडून असताना मेंदूचं काम टिपणारा एमआरआय. बाकीचं एकेक करून बघू.

‘यंत्र विचार वाचतं.’

यंत्र रक्त बघतं. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, आणि तिचा उपयोग मेंदूचं काम टिपायला होईल, हे सेइजी ओगावा या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं आणि यंत्राला मिळणारा संदेश वाढतो. हा वाढता संदेश शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातला सगळ्यात छोटा ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, बहुतेक वेळा दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो पेशी असतात. पाच सेकंदांत माणूस किती विषय बदलतो ते स्वतःच करून पाहा.

शिवाय विश्रांतीत मेंदूचे काही भाग जोडीने चढउतार करताना दिसतात, त्यांना जाळी म्हणतात; त्यातली काही भूल दिलेल्या माकडांच्या मेंदूतही सापडली आहेत. ती माकडं कसला विचार करत होती म्हणायचं?

‘रंग दिसतो तिथे मेंदू पेटलेला असतो.’

या तपासणीत रंगाचा अर्थ सहसा वेगळाच असतो. भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक गोष्ट दाखवली. माणूस हात अजिबात हलवत नसतानाही डाव्या आणि उजव्या बाजूच्या मोटर कॉर्टेक्समधले, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या भागातले, संदेश बरोबरीने चढत-उतरत होते. अगदी संथ, एका लाटेला दहा सेकंदांहून जास्त. त्याआधी असल्या चढउताराला बहुतेक जण निव्वळ गोंगाट म्हणून गाळून टाकत. पुढे २००१ मध्ये मार्कस रेकल यांच्या गटाने ‘डिफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली: काही भाग काम देताच शांत होतात आणि काम नसताना जागे राहतात. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, आणि मुद्दाम काम दिल्यावर त्यात फारच थोडी भर पडते. रिकामा मेंदू रिकामा नसतोच, हे खरंच मोठं काम होतं.

पण रंग सांगतो तो एवढाच की दोन जागांचे आलेख एकत्र हलतात. एकाच पावसात दोन छत्र्या उघडल्या म्हणून छत्रीवाल्यांची ओळख आहे असं होत नाही. इथला पाऊस म्हणजे श्वास, हृदयाचे ठोके, डोक्याची हालचाल आणि झोप. हजाराहून जास्त स्कॅन तपासलेल्या २०१४ च्या एका अभ्यासात सुमारे एकतृतीयांश लोकांची जाग पहिल्या तीन मिनिटांतच ढळलेली आढळली. म्हणजे ‘विश्रांती’ची तपासणी कितीदा तरी डुलकीची तपासणी असते.

‘नैराश्य, ऑटिझम चित्रात दिसतं.’

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोची डोकं हलण्यात आहे. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मिलिमीटरपेक्षाही कमी हालचालीने लांबच्या भागांमधले संबंध खोटेच कमकुवत आणि जवळच्या भागांमधले खोटेच घट्ट दिसतात. आता लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, ऑटिझम असलेली मुलंही बऱ्याचदा जास्त हलतात. आणि ‘जवळचे संबंध जास्त, लांबचे कमी’ हाच नमुना त्या सुमारास मेंदूच्या वाढीचा आणि ऑटिझमचा म्हणून सांगितला जात होता. पॉवर ज्या गटात होते, त्याच गटाच्या आधीच्या निष्कर्षांनाही याची झळ बसली.

दुसरी गोष्ट संख्येची. २०२२ मध्ये सुमारे ५० हजार लोकांचे स्कॅन वापरून स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी तपासलं की मेंदूतले फरक आणि माणसांच्या वागण्यातले फरक यांचं नातं किती पक्कं आहे. ते इतकं अंधुक निघालं की भरवशाचं उत्तर मिळायला हजारो माणसं लागतात. गटांच्या सरासरीत दिसणारा फरक समोरच्या एका माणसावर चिकटवता येत नाही.

‘९० टक्क्यांहून जास्त अचूक.’

असा आकडा २०१५ च्या एका गाजलेल्या अभ्यासात आहे. पण त्यात १२६ जणांच्या स्कॅनमधून ‘हा स्कॅन कोणाचा’ एवढंच ओळखलं होतं, बोटाच्या ठशासारखं. आजार नव्हे.

आणि समजा, आजाराचीच ९० टक्के अचूक तपासणी निघाली. १००० लोकांत २० आजारी असतील तर त्यातले १८ सापडतील. उरलेल्या ९८० निरोग्यांपैकी ९८ जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे ‘आजारी’ ठरलेल्या ११६ पैकी खरे १८.

‘मग हे सगळं थोतांड.’

हे मजकुराखालच्या प्रतिक्रियांमधलं दुसरं टोक. मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही ‘काम चालू’ दिसलं होतं, असा दाखला लगेच येतो. तो २००९ चा प्रयोग खराच आहे. पण त्याचा रोख आकडेमोडीतल्या हलगर्जीवर होता: हजारो व्हॉक्सेल एकदम तपासताना योगायोगाची वजाबाकी केली नाही तर मासाही विचारवंत ठरतो. ती केल्यावर माशाचा मेंदू गप्प झाला.

उपयोग आहेत. मेंदूतली गाठ किंवा अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी हालचालीचे आणि भाषेचे भाग कुठे आहेत ते बघायचं असतं; लहान मूल किंवा गुंगीतला रुग्ण ‘बोटं हलव’ म्हटल्यावर हलवत नाही, तिथे काही केंद्रांत या तपासणीची मदत घेतात. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी चुंबकीय उत्तेजनाची एक पद्धत अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२२ मध्ये मान्य केली. तिच्यात चुंबकीय उत्तेजन देणारी कॉइल डोक्यावर नेमकी कुठे धरायची ते रुग्णाच्या अशाच स्कॅनवरून ठरतं. पण त्या रुग्णाला नैराश्य आहे हे त्याआधीच ठरलेलं असतं, समोर बसून विचारलेल्या त्याच प्रश्नोत्तरांतून.