लिंबूपाण्याने रक्त अल्कलाइन होत नाही

'रोज सकाळी लिंबूपाणी प्या, रक्त अल्कलाइन होतं आणि कॅन्सर जवळ फिरकत नाही' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे खरं नाही. लिंबाचा रस आम्लच आहे, त्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण २ ते ३. रक्ताचा पीएच मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात असतो, म्हणजे ते मुळातच किंचित अल्कधर्मी, म्हणजेच अल्कलाइन. तिथून ते हलू नये यासाठी रक्तातलं, आम्लाचा जोर मोडणारं बायकार्बोनेट, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात. पेलाभर सरबताने त्यात फरक पडत नाही.

पुरावा म्हणून पीएच मोजायची, रंग बदललेली पट्टी दाखवतात, ती लघवीत बुडवलेली असते. खाण्यापिण्याने लघवीचा पीएच बदलतोच. जास्तीचं आम्ल किंवा अल्क शरीर तिथूनच बाहेर टाकतं. त्यावरून रक्ताचं काही कळत नाही.

लिंबूपाणी आवडत असेल तर खुशाल प्या. पण त्याऐवजी रोज चमचाभर खायचा सोडा घ्या, हा सल्ला कृपा करून ऐकू नका. त्यात सोडियम भरपूर असतं. ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असेल तर ते जिवावर बेतू शकतं. आणि कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर असल्या मेसेजपायी एकही डोस चुकवू नका.