‘मोफत’ असल्यामुळे प्रोग्रॅम अडत नाही: फिरत्या मेसेजला उत्तर

भाच्याच्या डिप्लोमाच्या ग्रुपवरून हा मेसेज घरापर्यंत पोचला, म्हणून लिहिणं भाग आहे. दावा असा: मोफत भाषांमध्ये प्रोग्रॅमच्या आकारावर मुद्दाम कुलूप घातलेलं असतं. जावा ६४ केबीला अडते, सी मोठे अ‍ॅरे (ओळीने साठवलेल्या आकड्यांच्या याद्या) घेत नाही, पायथन हजाराला थांबतं, आणि मायक्रोकंट्रोलर चिपसाठी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर केइल ३२ केबीला. उपाय म्हणून खाली ‘फुल व्हर्जन’ची झिप, आणि सूचना: बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा.

जावाचा मुद्दा सगळ्यात हास्यास्पद. ‘कोड टू लार्ज’ ही एरर खरी आहे, पण ती अख्ख्या प्रोग्रॅमला नाही, एका मेथडला (प्रोग्रॅममधल्या एका नाव दिलेल्या तुकड्याला) लागू होते. जावा व्हर्च्युअल मशीनच्या स्पेसिफिकेशनच्या चौथ्या प्रकरणात स्वच्छ लिहिलंय: एका मेथडच्या बाइटकोडची (कंपायलरने तयार केलेल्या सूचनांची) लांबी ६५,५३६ बाइटपेक्षा कमी हवी. हे क्लास फाइलच्या रचनेचं बंधन आहे. मोफत ओपनजेडीके वापरा नाहीतर ओरॅकलला पैसे मोजा, एरर तीच येणार. मुलांना ती बहुतेक वेळा भेटते ती महिरपी कंसात हजारो आकडे भरून अ‍ॅरे लिहिला की. इंट अ‍ॅरेतल्या प्रत्येक आकड्यामागे कंपायलर चार सूचना काढतो, साधारण ७-८ बाइट. दहा हजार आकडे म्हणजे ७०-८० हजार बाइट, हद्द ओलांडलीच. अ‍ॅरे स्टॅटिक करून मेथडबाहेर नेला तरी सुटका नाही, कारण तो क्लासच्या एकाच इनिशियलायझरमध्ये जाऊन बसतो. आकडे टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून प्रोग्रॅम चालताना वाचा, किंवा तुकडे करून वेगवेगळ्या मेथडमध्ये भरा. एवढंच.

सीचा मुद्दा म्हणजे टर्बो सीचं पाप सीच्या माथी. डॉससाठीचा तो १६-बिट कंपायलर, त्यात मेमरीचा एक सेगमेंट (तुकडा) ६४ केबीचा आणि इंट दोन बाइटचा. ४०,००० इंटचा अ‍ॅरे ८०,००० बाइट होतो, मावणार कसा? इंट काउंटरही ३२,७६७ नंतर उणे होतो. आणि टर्बो सी बोरलँड कंपनी पैसे घेऊन विकत असे! मोफत जीसीसी कंपायलरमध्ये हाच अ‍ॅरे निमूट चालतो. फक्त दहा लाख इंटचा अ‍ॅरे मेनच्या आत घेतलात तर विंडोजवर स्टॅक (फंक्शनच्या आतल्या गोष्टींसाठीची छोटी मेमरी) भरून प्रोग्रॅम पडेल. तो बाहेर ग्लोबल घ्या किंवा मॅलॉकने प्रोग्रॅम चालताना मेमरी मागा.

पायथनमधला हजार हा रिकर्शनच्या (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या) खोलीचा आकडा आहे, सेटरिकर्शनलिमिटने बदलता येतो. पायथनची ‘पेड’ आवृत्ती नावाची वस्तूच नाही.

केइलबद्दल मात्र मान्य करावं लागेल. एमडीके-लाइट या एआरएम चिपसाठीच्या मोफत आवृत्तीला कोड आणि डेटा मिळून ३२ केबीची मर्यादा आहे, ८०५१ चिपसाठीच्या सी५१ च्या मोफत आवृत्तीला तर २ केबीचीच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या बोर्डावरच्या एटी८९एस५२ या ८०५१ जातीच्या चिपमध्ये ८ केबी फ्लॅश असते, म्हणजे चिप भरायच्या कितीतरी आधी सॉफ्टवेअर थांबतं. एमडीकेत लिंक करताना एल६०५०यू ही आकाराच्या मर्यादेची एरर दिसली तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. आधी मायक्रोलिब ही छोटी लायब्ररी निवडा, ऑप्टिमायझेशन वाढवा, डिस्प्लेसाठी भरलेले जादा फॉन्ट काढा. तरीही भागलं नाही तर घरच्या किंवा कॉलेजच्या बिनव्यावसायिक कामासाठी एमडीकेची कम्युनिटी आवृत्ती आहे, तिला आकाराची मर्यादा नाही. एसटीएम३२ चिप असेल तर तिच्यासाठीचं क्यूबआयडीई मोफत आहे आणि आत जीसीसीच आहे. ८०५१ साठी एसडीसीसी हा मोफत कंपायलर घ्या. मात्र केइलचा कोड जसाच्या तसा चालणार नाही: एसबिटच्या (चिपच्या एकेका पिनला नाव देणाऱ्या) घोषणा बदलाव्या लागतात, आणि तयार होणारी आयएचएक्स फाइल बऱ्याचदा पॅकआयएचएक्समधून काढून हेक्स करावी लागते. हे सगळं मर्यादेमुळे करावं लागतं, हे खरंच. पण ही एका कंपनीच्या टूलच्या लायसन्सची अट आहे. सी भाषेचा तिच्याशी संबंध नाही.

आता ती झिप. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारी फाइल उघडायचीच नाही. कुणी बसवली असेल तर लॅपटॉप आधी इंटरनेटवरून काढा, अँटिव्हायरस चालू करून पूर्ण स्कॅन करा, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले ईमेल-बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर बसवली असेल तर लॅब असिस्टंटना आजच सांगा, तिथून ती पेनड्राइव्हने पुढे जाते.