छोटे धक्के म्हणजे कुकरची शिट्टी नव्हे

हिंगोली असो, डहाणू असो की कोयना, जमीन जरा हलली की तासाभरात एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. म्हणणे असे, की छोटे धक्के बसतायत ते बरेच आहे. शिट्टी होऊन कुकरची वाफ निघते तसा जमिनीतला ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो. पुरावा म्हणून कोयना. आणि धक्के थांबले की निर्धास्त झोपा, हा सल्ला शेवटी.

"ताण निघून जातो"

आधी हिशेब बघू. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते, दोनाने वाढला की 1000 पट. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. तेवढी ऊर्जा 3 च्या धक्क्यांनी सोडायची तर साधारण 63,000 धक्के लागतील. रोज एक धरला तरी 173 वर्षे! निसर्गात मात्र आकडा एकाने उतरला की धक्क्यांची संख्या ढोबळमानाने दसपटच वाढते. म्हणजे प्रत्येक पायरीला ऊर्जा 32 पट घटते आणि संख्या वाढते जेमतेम 10 पट. ही तूट छोट्या धक्क्यांनी भरून निघणे शक्यच नाही.

कुकरची उपमाही चुकीची आहे. कुकरमध्ये वाफेचा दाब सगळीकडे सारखा असतो, खडकातला ताण तसा नसतो. 3 च्या धक्क्यात भ्रंशाचा, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेचा, फार तर काहीशे मीटरचा तुकडा सरकतो. तिथला ताण उतरतो, पण शेजारच्या न सरकलेल्या भागावर तो चढतो. उसवणारी शिवण आठवा: एक टाका तुटला की ओढ पुढच्या टाक्यावर येते. बहुतेक वेळा पुढचा टाका टिकतो. कधी टिकत नाही.

"कोयनेत बघा, धक्के बसत राहिले म्हणून मोठा झाला नाही"

कोयनेचा दाखला नेमका उलटा आहे. 13 सप्टेंबर 1967 ला तिथे 5 हून मोठा धक्का बसला. वाफ निघाली म्हणावी, तर तीनच महिन्यांत, 11 डिसेंबरच्या पहाटे, 6.3 चा भूकंप झाला. त्यानंतर आजवर 5 किंवा त्याहून मोठे धक्के वीस-बावीस झाले, 6.3 ची बरोबरी करायला 5 चे सुमारे 90 लागतात. तिथे पुन्हा 6 चा झाला नाही हे खरे, पण त्याचे श्रेय या धक्क्यांना देता येत नाही.

हाच दिलासा इटलीतल्या लाक्विला शहराला 2009 च्या मार्चअखेरीस एका सरकारी अधिकाऱ्याने दिला होता. 6 एप्रिलच्या पहाटे 6.3 चा भूकंप झाला, 300 हून अधिक माणसे गेली. धक्का बसला की बाहेर रात्र काढणारी काही कुटुंबे त्या रात्री घरातच थांबली होती.

मग छोटे धक्के म्हणजे मोठ्याची नांदी?

तेही नाही. एखाद्या धक्क्यानंतर दोन-चार दिवसांत त्याच परिसरात त्याहून मोठा बसण्याचे प्रमाण जगभर 100 त साधारण पाच-सहा. डहाणूत नोव्हेंबर 2018 पासून हजारो धक्के झाले, मोठ्यात मोठा 4 च्या आसपास. पूर्वधक्का पाटी लावून येत नाही. मोठा बसल्यावरच आधीच्याला ते नाव मिळते. चीनमध्ये 1975 ला हायचेंग शहर मोठ्या भूकंपाआधी पूर्वधक्क्यांमुळे वेळेत रिकामे केले गेले. पुढच्याच वर्षी तिथल्याच तांगशानला मोठा भूकंप झाला, पण असा इशारा मिळालाच नाही.

"धक्के थांबले की निर्धास्त झोपा"

किल्लारीत 1992 च्या पावसाळ्याअखेरीस शंभरावर छोटे धक्के जाणवले होते, ऑक्टोबरात एक 4 हून मोठा. मग जोर ओसरला आणि अकरा महिन्यांनी पहाटे 3.56 ला गावे झोपेत गाडली गेली. माणसे मेली ती घराखाली. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, दोन फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे एक टन. खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती, दोन पदरी, मधे चिपा आणि माती. दोन्ही पदर बांधून धरणारा आरपार दगडच नाही. अशी भिंत हलली की पदर सुटे होतात आणि आतबाहेर फुगून ढासळतात.

म्हणून धक्के चालू असोत की थांबलेले, बघायची ती भिंत. पोट आले आहे का, हे ओळंबा सोडून तपासा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला. पुढच्या धक्क्यानंतर तडा खुणेपुढे गेला असेल तर त्या खोलीत झोपणे बंद. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी नवा थर चढतो, तो जुना खरवडून मगच घाला. दुरुस्ती करताना उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त 1.2 मीटरवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड बसवा. तेवढा लांब दगड मिळाला नाही, तर त्या जागी सळी घालून काँक्रीट भरले तरी चालते.