बेकायदा शिक्षा आपोआप रद्द होत नाही

इंग्लंड-वेल्समध्ये न्यायाधीशाने अधिकाराबाहेर जाऊन शिक्षा दिली, तर ती मुळातच रद्दबातल, असा समज पक्का बसलाय. पण तसं नाही. क्राउन कोर्टाचा (गंभीर फौजदारी खटले चालवणारं कोर्ट) हुकूम चुकीचा असला तरी तो कोर्टाने बदलेपर्यंत लागूच राहतो. तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने केन खटल्यात हे स्पष्ट केलंय. त्यामुळे चूक दिसली की त्याच दिवशी हालचाल करा.

चुका बहुतेक वेळा ठरलेल्याच असतात. दोषी ठरताना 21 पूर्ण नसलेल्याला ‘इम्प्रिझनमेंट’, म्हणजे प्रौढांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा, सुनावली जाते. जुन्या गुन्ह्याला आजची कमाल शिक्षा लावली जाते, खरं तर गुन्ह्याच्या तारखेची मर्यादा पाहायची असते. जामिनावर असताना इलेक्ट्रॉनिक टॅग लावून रोज किमान 9 तास कर्फ्यूत काढलेल्या दिवसांपैकी निम्मे दिवस वजा करायचे राहून जातात. ‘शिक्षा फार झाली’ ही तक्रार वेगळी. ती अपिलातच मांडा, या चुकांमध्ये मिसळू नका.

पहिला उपाय स्लिप रूल, म्हणजे क्राउन कोर्टाने स्वतःच दिलेली शिक्षा बदलण्याची सोय: सेंटेन्सिंग ॲक्ट 2020 चं कलम 385. मुदत 56 दिवस, शिक्षेचा दिवस धरून. अर्ज त्यात केला एवढं पुरत नाही, बदलाचा हुकूमही त्यातच व्हावा लागतो. तारीख पुढची पडली की अधिकार संपला. आपल्याकडे सही झालेल्या निकालात कारकुनी चुकीपलीकडे हात घालता येत नाही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, कलम 362), त्यामानाने ही सोय मोठी आहे. मात्र या मार्गाने शिक्षा वाढूही शकते.

नाहीतर कोर्ट ऑफ अपील. शिक्षेपासून 28 दिवसांत फॉर्म एनजी (अपिलाचा अर्ज), सोबत मुद्दे. आधी परवानगी लागते, ती सहसा सिंगल जज कागदपत्रांवरून ठरवतो. मुदत उलटली असेल तर वाढ मागा आणि उशिराचं कारण लिहा. नुसतं ‘उशीर झाला’ लिहिलेले अर्ज स्वतःच्याच मुळावर येतात.

क्रिमिनल अपील ॲक्ट 1968 चं कलम 11(3) मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात न्याय्य गोष्ट वाटते: आरोपीच्या अपिलात एकूण शिक्षा आधीपेक्षा कडक करता येत नाही. 2007 च्या रेनल्ड्स प्रकरणात ज्या शिक्षा बेकायदा पण सौम्य होत्या, त्याही कोर्टाला या कलमामुळे वाढवता आल्या नाहीत. काहींना हे खटकतं. पण कायदा नीट तपासणं हे न्यायाधीशाचं आणि दोन्ही वकिलांचं काम. त्यांच्या चुकीची जादा वर्षं अपील करणाऱ्याने का भोगावीत?

मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या (क्राउन कोर्टाच्या खालचं कोर्ट) शिक्षेला हे संरक्षण नाही. तिथून क्राउन कोर्टात गेलात तर शिक्षा वाढू शकते. त्यामुळे उघड कायदेशीर चूक असेल तर आधी त्याच कोर्टाकडे मॅजिस्ट्रेट्स कोर्ट्स ॲक्ट 1980 च्या कलम 142 खाली दुरुस्ती मागा.

आणि कोर्ट ऑफ अपीलच्या सिंगल जजने परवानगी नाकारल्यावर निव्वळ हट्टाने पूर्ण कोर्टापुढे जाऊ नका. अर्ज निराधार ठरला तर तुरुंगात काढलेले काही दिवस शिक्षेत मोजायचे नाहीत, असा हुकूम कोर्ट देऊ शकतं.