तुमच्या माणसाला पगार कोण देतं?

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं बाजाराच्या टिप देणाऱ्या एका यूट्यूबवाल्याला दणका दिल्यापासून बाळ्या सुतकात होता. त्या यूट्यूबवाल्याचे सगळे व्हिडिओ बाळ्याला तोंडपाठ. पण काल कट्ट्यावर पाच मिनिटांत सगळे त्याला सोडून शेठच्या मागे लागले, आणि ते शेठनं स्वतःच ओढवून घेतलं.

“म्हणून सांगतो, व्हिडिओ बघून पैसे लावू नका. आपला एक माणूस ठेवा. माझा वेल्थ मॅनेजर आहे, पैसे कुठं गुंतवायचे ते तोच बघतो. तो म्हणतो तिथं मी सही करतो, विषय संपला.”

“फी किती घेतो?” मंदाताईंनी विचारलं.

“फी? एक पैसा नाही! उलट दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा पाठवतो.”

मंदाताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. काउंटरवर बसून मार्चअखेरीला पॉलिसीची टार्गेटं त्यांनी पुरी केलेली आहेत. या विषयावर त्या बोलायला लागल्या की मी गप्प ऐकतो.

“तो तुमच्याकडे गाडी घेऊन येतो. पेट्रोल कोण भरतं?”

“त्याची कंपनी.”

“मग माणूस तुमचा कसा?”

शेठ उसळला. “अहो, त्याला माझ्या मुलीचा वाढदिवससुद्धा पाठ आहे!”

“असणारच,” बाळ्या म्हणाला, “लग्नाच्या पॉलिसीचा हप्ता त्याच महिन्यात असतो.”

या पॉलिसीवर मात्र मंदाताई अडून बसल्या. शेठला मोबाइलमधून कागद शोधायला लावला. तीन ग्रुप, दोन गुड मॉर्निंग आणि एका लग्नपत्रिकेच्या खालून तो निघाला. हप्ता वर्षाला एक लाख, विमा दहा लाखांचा.

“घरखर्च किती तुमचा?”

“साठ हजार धरा.”

“म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तर वहिनींना दीड वर्षही पुरणार नाही. आणि घराचं कर्ज? याहून कमी हप्त्यात साध्या टर्म इन्शुरन्सचं, म्हणजे फक्त माणूस गेल्यावर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचं, कितीतरी मोठं कवच मिळालं असतं. त्यानं नाव तरी काढलं होतं का त्याचं?”

शेठ गप्प. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरात खाणारी तोंडं किती, कर्ज किती, नोकरी गेली तर किती महिने तग धराल, हे विचारल्याशिवाय जो फॉर्म पुढे सरकवतो तो विक्रेता. त्याच्या कार्डावर काहीही छापलेलं असो.

मास्तरांना हे पटलं नाही. “सगळ्यांना एका माळेत ओवू नका. २३ मार्च २०२०. सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला. मी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता, बंद करायला निघालो होतो. माझा फंड वितरक, म्हणजे ज्याच्यामार्फत मी फंड घेतो तो, रात्री घरी फोन करून तासभर बोलला, म्हणून थांबलो. त्याला कमिशन मिळतं ते त्यानं कमावलंय.”

“कमावलंच आहे,” ताई लगेच म्हणाल्या. “माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला माहीत आहे त्याला कमिशन मिळतं ते. शेठला माहीतच नाही.”

मग कमिशनचा हिशेब निघाला. २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाची डायरेक्ट योजना असते. फंड तोच, मधल्याचं कमिशन नाही; कमिशनवाली ती रेग्युलर. फरक वर्षाला एक टक्का धरा. दहा लाख वीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण साडेशहाण्णव लाख, ११ टक्क्यांनी साडेऐंशी. सोळा लाखांचा डबा, ताई म्हणाल्या, ड्रायफ्रूटसकट.

“मग काय, मी डायरेक्टमध्येच टाकतो,” बाळ्या.

“तू? तू आधी बाजारातला फ्युचर्स-ऑप्शनचा सट्टा बंद कर. सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलंय, तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी त्यात पैसे घालवले.”

“मी उरलेल्या सातांत—”

“तू त्र्याण्णवांतच आहेस. तुझी बायको माझ्याकडे भिशीला येते.”

बाळ्याला चेहरा लपवायला जागा मिळेना. मास्तरांनी विषय सावरला: ज्याला स्वतः जमत नाही त्यानं काय करायचं? त्यासाठी सेबीकडे नोंदलेले गुंतवणूक सल्लागार आहेत. ते आपल्याकडून फी घेतात आणि त्याच गिऱ्हाइकाला माल विकून कमिशन घेऊ शकत नाहीत. नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. पण अख्ख्या देशात असे सल्लागार हजाराच्या आसपास. कारण शेठसारखी माणसं. वकिलाला, डॉक्टरला फी देतील, पैशाच्या सल्ल्याला म्हटलं की खिसा शिवलेला. मी हे मोठ्यानं बोललो, तर शेठ माझ्यावरच घसरला. “तू क्रिकेट क्लबचा खजिनदार होतास तेव्हाचा हिशेब अजून आलेला नाही!” तो हिशेब मी सभेत वाचून दाखवला होता. शेठ त्या सभेला आलाच नव्हता.

“भांडू नका,” ताई म्हणाल्या. “शेठ, ईमेल उघडा. दर सहा महिन्यांनी म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट येतं, ते.”

“ते मी कधी उघडत नाही.”

“म्हणूनच म्हणते. त्यात वितरकाला दिलेल्या कमिशनचा रकाना असतो.”

पासवर्ड पॅन नंबर होता. पॅन आठवायला वहिनींना फोन गेला. अखेर फाइल उघडली. शेठ बोटानं ओळ खाली सरकवत गेला, थांबला, चष्मा वर केला, परत वाचलं.

“हे वर्षाचं?”

“सहा महिन्यांचं.”

शेठ उठून उभाच राहिला. आम्हाला वाटलं आता त्या वेल्थ मॅनेजरची खैर नाही. तर हा वळला थेट बाळ्याकडे. “एवढे पैसे चाललेत माझे! तू आधी स्कूटरचे बारा हजार टाक!”

“कुठले बारा? आठ होते!”

“चार वर्षांचं व्याज!”

“शेठ,” मास्तर म्हणाले, “बाळ्याला दिलेलं कर्ज डायरेक्ट होतं की रेग्युलर?”

“रेग्युलर,” बाळ्या ओरडला, “मध्ये मास्तर होते, त्यांनी वडापाव घेतला होता कमिशन म्हणून!” मग मास्तरांनाच वडापावचे पैसे मागायला सगळे सरसावले, आणि शेठच्या मॅनेजरला फोन कोणी करायचा ते राहूनच गेलं.