पाच म्हणजे पन्नास

आमची आई सगळ्यांना सांगते, "आमचा हा नाटकात दिवे लावतो", आणि ती हे नेमकं कुठल्या अर्थाने म्हणते ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आमचा हौशी ग्रुप, सगळे नोकरीवाले. प्रत्येक नाट्यगृहात लाइटचा बोर्ड वेगळा, कुठे नुसते फेडर म्हणजे वरखाली सरकवायच्या दांड्या, कुठे कीपॅडवाला, कुठे आदल्या दिवशीच्या इव्हेंटवाल्याने काय भरून ठेवलंय देव जाणे, आपण गो, म्हणजे पुढचा लाइट आणायचं बटण, दाबावं आणि घरंदाज दिवाणखान्यात डिस्को सुरू व्हावा. दुपारी दोनला थिएटर हातात मिळतं, साडेसहाला तिसरी घंटा, त्यात फोकस मारायचे, लाइटपुढचे रंगीत जिलेटीन कागद बदलायचे, दिग्दर्शकाचं ऐकायचं. मॅन्युअल कोण वाचतो? त्यामुळे जे काही शॉर्टकट मला येतात ते सगळे आधी इज्जत घालवून मग आलेले आहेत.

एकदा स्टेजवर एकही लाइट लागेना. उजेड कमी-जास्त करणारे डिमर बघितले, केबल बदलल्या, तिथल्या इलेक्ट्रिशियनला जेवणावरून उठवून आणलं, तो बिचारा शिडीवर चढला. चाळीस मिनिटांनी मी स्क्रिप्टची फाइल उचलली तर तिच्याखाली ग्रँड मास्टर, म्हणजे सगळ्या लाइटचा उजेड एकदम कमी-जास्त करणारा फेडर, शून्यावर, फाइल ठेवताना मीच ढकललेला. तेव्हापासून बोर्डवर बसलो की पहिल्यांदा ग्रँड मास्टर फुल करून त्यावर कागदी टेप मारतो, श्रीगणेशा नंतर.

डीएमएक्सचं, म्हणजे बोर्डकडून लाइटकडे हुकूम नेणाऱ्या सिग्नलचं, पण एक सांगतो, ही एकतर्फी भानगड आहे. बोर्ड सांगतो, लाइट ऐकतो, उलट बोलत नाही, म्हणून स्क्रीनवर 100 दिसतंय म्हणजे स्टेजवर लागलाच असेल असं समजायचं नाही, मान वर करून बघायचं. आणि पार नावाचे एलईडी लाइट उगाच फडफडायला लागले तर शंभर फोन करण्याआधी कुणी मधेच डीएमएक्सच्या केबलऐवजी माइकची केबल जोडलीय का ते बघा, आणि साखळीतल्या शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये टर्मिनेटर खोचा, म्हणजे एका कनेक्टरमध्ये पिन 2 आणि 3 च्या मधे 120 ओहमचा रेझिस्टर, बास. मी तो कंपासपेटीत घेऊन फिरतो, घरचे हसतात, हसू देत.

दिग्दर्शक प्रयोगाच्या दिवशी "इथे एक छोटासा क्यू टाकूया ना" म्हणतातच. क्यू म्हणजे नंबर देऊन बोर्डमध्ये भरून ठेवलेला एका क्षणाचा लाइट. घाबरायचं नाही, 12 आणि 13 च्या मधे 12.5 टाकता येतो, सगळे नंबर बदलत बसू नका. फक्त रेकॉर्ड आणि अपडेट यातला फरक पाठ करा. अपडेटने तुम्ही हात लावलेलं तेवढंच बदलतं, रेकॉर्डने त्या क्षणी स्टेजवर जे काही आहे ते सगळं त्या क्यूत जाऊन बसतं. आमच्या देवघराच्या सीनमध्ये सहा प्रयोग सायक्लोरामा, म्हणजे मागचा मोठा पडदा, लाल होता तो याच कृपेने, आणि एका परीक्षकांनी त्याला प्रतीकात्मक म्हटलं म्हणून आम्ही गप्प बसलो.

आता ते पन्नास. दुसऱ्या अंकात वडील जातात. वडिलांचं काम करणारे आमचे काका चटईवर पडलेले, वर अंधार, बाजूला आई रडतेय. शेजारी बसलेला दिग्दर्शक कानात कुजबुजला, "काकांवर अगदी पाच टक्के दे रे, दिसतच नाहीयेत". चौदा नंबरचा स्पॉट. मी टाइप केलं चौदा, अ‍ॅट, पाच, एंटर. इऑस जातीच्या बोर्डांवर, आणि तिथला त्यातलाच, नुसता पाच म्हणजे पन्नास टक्के, पाच टक्के हवे असतील तर शून्य पाच दाबायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तर पन्नास टक्के उजेडात काका, मयत, आणि अंधार आहे या भरवशावर निवांत पोट खाजवत असलेले. लाइट आल्याबरोबर हात तसाच थांबला, पोटावर, आणि नंतर हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने जमिनीकडे निघाला. चारशे लोक तो हात बघतायत. पाचव्या रांगेतली एक लहान मुलगी म्हणाली, "बाबा, ते आजोबा बरे झाले!"

मी घाबरून गो दाबला. पुढचा क्यू दुसऱ्या दिवशीची सकाळ. लख्ख ऊन पडलं, खिडकीतून अंबर, आणि काका अजून तिथेच.

मध्यंतरात तिथल्या ऑपरेटरने शांतपणे सांगितलं, चौदा, स्नीक, एंटर. स्नीक दाबलं की तो लाइट गुपचूप, पाचेक सेकंदांत, क्यूत जसा होता तसा परत जातो, कुणाला कळत नाही. आणि पुढे उडी मारलीच असेल तर गो टू क्यू आणि हवा तो नंबर. एवढं साधं. ग्रँडएमए नावाच्या जर्मन बोर्डवर तर चूक मागे घ्यायच्या बटणावर चक्क ऊप्स असं छापलेलं आहे, म्हणजे त्यांच्याकडेही काका असणार.

आता प्रत्येक प्रयोगाआधी काका मेकअप करून, धोतर सावरत बोर्डपाशी येतात, माझ्या हातात अर्धा वडापाव ठेवतात आणि विचारतात, "काय रे, आज किती टक्के मरू?"